चौथी बाजू कोणी ऐकली?

भिंगोबाला पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास एकच चूक करतो. हातातली जुनी रेकॉर्ड काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "एकदम जपून वापरलीय हो." झालं, इथेच त्याचं बिनसतं. जपून वापरलीय असं आपणहून सांगणारा माणूस भिंगोबाच्या लेखी अर्धा गुन्हेगार. तो दिवा ओढतो, भिंग डोळ्याला लावतो, रेकॉर्ड दिव्याखाली अशी तिरकी धरतो की तिच्यावरचा एकूण एक ओरखडा उठून दिसावा, आणि मग शांतपणे विचारतो, "घरात मांजर आहे का?" मांजर असतं.

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात एकतीस वर्षं तो हेच करतोय. आलेली रेकॉर्ड तपासायची, तिची अवस्था ठरवायची, कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक अक्षर टाकायचं. भिंगोबा हे नाव मालकाने गमतीत ठेवलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव आता फक्त बँकेच्या पासबुकात उरलंय. संशय हा त्याचा धंदा, आणि धंदा घरी नेऊ नये ही अक्कल त्याला कधी आली नाही. हातातलं घड्याळ तो दोन दुकानांतल्या घड्याळांशी ताडून बघतो. डॉक्टरने "काळजीचं काही नाही" म्हटलं की त्याला घाम फुटतो. लग्नाचं जमलं नाही ते का, हे वेगळं सांगायला नको. दोनदा बघायला गेला आणि दोन्ही वेळा मुलीला असे प्रश्न विचारून आला, की तिच्या मामाने विचारलं, हे पोलिसात आहेत का?

पण एका गोष्टीवर त्याचा जो डूख होता, तो मांजरांवरही नव्हता. ती गोष्ट म्हणजे होडीवाला अल्बम.

अल्बमला त्याचं स्वतःचं इंग्रजी नाव आहे, पण दुकानात सगळे होडीवालाच म्हणतात, कारण कव्हरवर रिकामी होडी आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा रॉक अल्बम, दोन रेकॉर्ड, चार बाजू, आणि चारही बाजूंत मिळून एकच गोष्ट. एक माणूस घर सोडून होडीत बसतो आणि निघतो. तीन बाजू तो भटकतो, माणसं भेटतात, पस्तावतो. चौथ्या बाजूला शब्दच नाहीत, नुसती वाद्यं. आणि अगदी शेवटी एकच आवाज येतो, ठक्. होडी काठाला लागली, असं सगळे म्हणतात. त्या 'ठक्'वर लोकांनी लेख लिहिले आहेत. शंभर सर्वोत्तम अल्बमांची यादी कुठेही निघो, होडीवाला पहिल्या दहात असतो, आणि दुकानात येणारा प्रत्येक शहाणा मान डोलवत सांगतो, "हा असा तुकड्या-तुकड्याने नाही ऐकायचा. सलग ऐकायचा. शेवटपर्यंत."

"तुम्ही ऐकलाय?" भिंगोबा विचारायचा.

"म्हणजे काय. कितीदा तरी."

मग भिंगोबा त्यांचीच रेकॉर्ड त्यांच्यासमोर दिव्याखाली धरायचा. पहिली बाजू झिजून राखाडी झालेली. दुसरी बरी. तिसरीवर अर्ध्यापर्यंत खुणा, पुढे साफ. आणि चौथी? चौथी बाजू कालच कारखान्यातून आल्यासारखी काळीभोर, चकचकीत. तेवढ्यावरही त्याचं भागत नसे. रेकॉर्ड प्लेअरवर ठेवताना मधला खिळा भोकात बसवायला माणूस चाचपडतो, तेव्हा खिळ्याचं टोक लेबलवर घासून केसासारख्या बारीक रेघा उठतात. जितक्या वेळा लावली तितक्या रेघा. पहिल्या बाजूच्या लेबलवर रेघांचं जाळं, चौथीवर एक नाही तर दोन. भिंगोबा भिंग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "मोजा." एकतीस वर्षांत होडीवाल्याच्या दोनेकशे प्रती तरी त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. त्याचं मत पक्कं होतं. ज्या अल्बमचा शेवट महान आहे असं सगळं जग सांगतं, त्याचा शेवट कोणी ऐकलेलाच नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने मान डोलवली, तिसऱ्याने लेख लिहिला. बँडकडचे शब्द संपले, म्हणून त्यांनी नुसती वाद्यं वाजवून चौथी बाजू भरून काढली, आणि लोकांनी तिला आशयाची खोली म्हटलं. एवढीच त्याची कीर्ती.

ऐकणाऱ्याला वाटायचं, याला चांगल्या गोष्टीचं वावडं आहे. तसं नव्हतं. पहिली बाजू उत्तम आहे हे तो स्वतःहून कबूल करायचा. पण डूख होताच, आणि तो का होता, ते सांगायला पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

भिंगोबा आठ वर्षांचा असताना वडील गेले. आई त्याआधीच गेलेली. मोठा भाऊ, दादा, एकवीस वर्षांचा. दादा रेडिओ दुरुस्ती शिकला होता आणि त्याला मालवाहू जहाजावर मेकॅनिकची नोकरी लागली होती. धाकट्याला आत्या सांभाळणार होती. ट्रंक भरली, कागद झाले, दिवस ठरला. आणि जायच्या दिवशी दादा गेलाच नाही. जहाज सुटलं. दादा पंख्यांच्या कारखान्यात मोटारींना तार गुंडाळायच्या खात्यात चिकटला आणि छत्तीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाला.

का नाही गेला, हे त्याला लोकांनी हजारदा विचारलं, आणि दादाचं उत्तर ठरलेलं. "त्या दुपारी होडीवाला ऐकत बसलो होतो. नवीनच आणला होता. चौथ्या बाजूला शेवटी होडी काठाला लागते. ठक्. म्हटलं, शेवटी परतच यायचं, तर जायचं कशाला?" लोक हसायचे. एका रेकॉर्डपायी जहाज सोडणारा माणूस म्हणून दादा सगळ्या नातेवाइकांत गाजला. अल्बमची थोरवी सांगताना लोक दादाचाच दाखला द्यायचे.

भिंगोबाला ही गोष्ट सोयीची होती आणि सलतही होती. सोयीची अशासाठी, की आपल्यामुळे दादाचं काही अडलं नाही. तो राहिला तो त्याच्या हौसेने, आपल्यावर कुणाचे उपकार नाहीत. सलायची अशासाठी, की आठ वर्षांच्या भावापेक्षा दादाला ती कागदी होडी मोठी वाटली. बारा वर्षांपूर्वी दादाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा वहिनींनी त्याला चार दिवस दवाखान्यात थांबाल का, असं विचारलं होतं. त्याने दुकानात काम फार आहे म्हणून सांगितलं. वहिनी पुढे काही बोलल्या, शब्दाला शब्द वाढला, आणि दादाच्या खाटेशी उभं राहून भिंगोबा म्हणाला, "दादा कधी माझ्यासाठी थांबला होता? थांबला तो त्या रेकॉर्डसाठी."  दादा हसला. म्हणाला, "बरोबर बोलतोय. रेकॉर्डमुळेच थांबलो मी." भिंगोबा तसाच दुकानात निघून गेला. चार दिवस वहिनी एकट्या बाकावर झोपल्या.

आता या वर्षी दादाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू, पण यंत्र लावूनही गाणं म्हणजे त्याला डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायला लागलं. त्याने निरोप धाडला, रेकॉर्ड घेऊन जा, मला आता काय उपयोग. भिंगोबा जाऊन तीन खोकी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. सगळ्यात खालून होडीवाला निघाला. आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, कोपरे शाबूत. दादाची ही प्रत भिंगोबाने आजवर हातात घेतली नव्हती. लहानपणी दादा हात लावू द्यायचा नाही, आणि मोठेपणी याने आपणहून तोंड फिरवलेलं.

पहिली बाजू झिजलेली. दुसरी झिजलेली. तिसरीही चांगली झिजलेली, आणि भिंगोबाला दादाचं थोडं कौतुक वाटलं, कारण तिसरी पूर्ण ऐकायला माणूस चिवट लागतो. त्याने रेकॉर्ड उलटी केली.

चौथ्या बाजूच्या लेबलवर एकही रेघ नव्हती.

त्याने भिंग पुसलं. दिवा जवळ घेतला. कडेला जिथे सुई पहिल्यांदा टेकते, तिथे बारीक ठिपके पडतात; तिथेही काही नव्हतं. ही बाजू एकदाही वाजली नव्हती. एकदाही म्हणजे एकदाही नाही. भिंगोबाच्या मनात पाल चुकचुकली, आणि पहिल्यांदाच त्या पालीची त्याला भीती वाटली.

एरवी असा पुरावा सापडला असता तर त्याने मालकाला हाक मारून दाखवला असता. आज त्याने रेकॉर्ड पुन्हा कागदात गुंडाळली. कारण हिशेब सरळ होता. चौथी बाजू ऐकली नसेल, तर होडी काठाला लागलेली दादाने ऐकली नाही. ऐकली नाही, तर तो होडीमुळे थांबला नाही. मग कशामुळे थांबला? त्या वेळी घरात दुसरं होतंच काय? आठ वर्षांचा एक पोरगा होता.

नाही, नाही, त्याने स्वतःला समजावलं. मित्राच्या घरी ऐकली असेल. रेडिओवर ऐकली असेल. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सबबी उडवून लावणारा माणूस त्या दुपारी स्वतःच सबबी शोधत बसला. मग त्याने ठरवलं, खडा टाकून बघू. दादाला चौथ्या बाजूतलं काहीतरी नेमकं विचारायचं. ज्याने ऐकली त्यालाच सांगता येईल असं. आणि इथे भिंगोबाची गंमत झाली. नेमकं काय विचारायचं, ते त्याला सुचेना, कारण चौथी बाजू त्याने स्वतःही कधी ऐकली नव्हती.

आता यावर कुणी हसेल, पण त्याच्या कामाची रीतच तशी आहे. रेकॉर्ड डोळ्याने तपासायची, आणि फारच शंका आली तर सुई तीन ठिकाणी दहा-दहा सेकंद टेकवून बघायची. खरखर आहे का, उडते का, बास. दोनेकशे प्रतींच्या चौथ्या बाजूचे असे तुकडे त्याने ऐकले असतील, पण सलग, शेवटपर्यंत, कधीच नाही. जगाला ज्या गोष्टीवरून तो एकतीस वर्षं पकडत होता, त्यात तो स्वतःही होता. ही गोष्ट त्याने अजून मालकाला सांगितलेली नाही.

मालक जेवायला गेल्यावर त्याने दुकानातली दुसरी प्रत काढली, दाराची पाटी उलटी केली, आणि हात गुडघ्यांवर ठेवून अठरा मिनिटं ऐकली. सुरुवातीची चौदा मिनिटं नुसता फाफटपसारा होता. ऑर्गन एकच सूर धरून बसलेला, गिटार मध्येच येऊन आपलं काहीतरी सांगून जायची. त्याला बरं वाटलं, आपण बरोबर होतो. मग गिटार थांबली, आणि पुढची चार मिनिटं फक्त ऑर्गन, इतका हळू की दुकानातल्या पंख्याचा आवाज त्याच्यावर चढत होता. ती चार मिनिटं चांगली होती. फारच चांगली होती. त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याचा त्याला राग आला. मग ऑर्गन विरत गेला आणि आवाज आला, ठक्.

भिंगोबा उठला. त्याला हा आवाज ओळखीचा वाटला होता, आणि एकतीस वर्षं सुया बदलणाऱ्या माणसाला तो ओळखीचा वाटायलाच हवा. त्याने शेवट पुन्हा लावला आणि संगीत संपताक्षणी सुई उचलून धरली. ठक् नाही. पुन्हा लावला, या वेळी सुई जाऊ दिली. ठक्. रेकॉर्डवर तो आवाज नव्हताच. गाणं संपल्यावर सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत घसरते, तिचा तो ठोका होता. या अल्बमच्या प्रतींत जरा मोठा यायचा, एवढंच. पन्नास वर्षं लोक आपापल्या प्लेअरचा आवाज ऐकून होडी काठाला लावत होते. नंतर निघालेल्या सीडीवर तो आवाज आहे म्हणतात. कंपनीने लोकांसाठी मुद्दाम घातला असणार, असं भिंगोबाचं मत आहे. खऱ्या रेकॉर्डवर काठ नाही. तो माणूस परत आला की नाही, कुणालाच माहीत नाही.

एवढा मोठा शोध लागला, आणि त्याला कुणाला सांगावंसंही वाटेना. संध्याकाळी दादाची प्रत काखेत मारून तो त्याच्याकडे गेला.

दादा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसला होता. वहिनी आत भांडी घासत होत्या. दादाशी बोलायचं म्हणजे आता जवळ जाऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलावं लागे, आणि मनातली गोष्ट अशी ओरडून विचारणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

"दादा, होडीवाल्याचा शेवट," भिंगोबा म्हणाला. "तो ठक् व्हायच्या आधी ड्रम्स आहेत ना?"

दादाने चष्मा वर केला. "आहेत की. जोरात आहेत."

चौथ्या बाजूला ड्रम्स नाहीत. अठरा मिनिटांत ड्रम एकदाही वाजत नाही.

भिंगोबाने रेकॉर्ड काढली, खिशातून भिंग काढलं, आणि दोन्ही दादापुढे धरलं. लेबल दाखवलं. काय बघायचं ते सांगितलं. दादाने भिंगातून बराच वेळ पाहिलं, त्याला त्यातलं काही कळत नसणार, आणि म्हणाला, "मग?"

"मग काय. तू चौथी बाजू ऐकलेली नाहीस."

"मित्राकडे ऐकली."

"कुठला मित्र?"

 आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी हात पुसत दारात आल्या. "अहो, सांगून टाका आता," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाने आयुष्यात दुसरं काही केलं नाही, नुसतं लोकांना पकडलं. तुम्ही कुठे सुटणार?"

"तुला काय करायचंय छोट्या, आता?" दादा म्हणाला. पण मग त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, नीट, चार पदरी, आणि सांगितलं. सांगताना तो भिंगोबाकडे बघत नव्हता.

"तुला सकाळी आत्याकडे सोडलं. दुपारी निघताना म्हटलं, एकदा भेटून जावं. गेलो तर तू दाराशी बसलेला. पायात बूट. आत्या म्हणाली, सकाळपासून काढत नाहीये. जेवायलाही बूट घालून बसला. मी विचारलं, बूट का काढत नाहीस रे, तर म्हणालास, घरी जायचंय ना." दादाने वर्तमानपत्राची घडी पुन्हा दाबली. "ट्रंक रिक्षात होती. उतरवली."

भिंगोबाला यातलं काही आठवत नव्हतं. आत्याचं दार आठवत नव्हतं, बूट आठवत नव्हते. त्याने आठवून पाहिलं आणि तिथे काहीच नव्हतं.

"मग ते रेकॉर्डचं?"

"दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, का नाही गेलास. तू माझा हात धरून उभा. तुझ्यासमोर काय सांगू, याच्यामुळे? आठ वर्षांचं पोर, आयुष्यभर उरावर घेऊन फिरलं असतं. ट्रंकेत हा अल्बम होता. तीन बाजू ऐकून झालेल्या, चौथी राहिलेली. तोंडाला आलं ते सांगितलं. लोकांना आवडलं." दादा जरासा हसला. "आणि ते ठक् वगैरे मी नंतर मासिकात वाचलं."

"पण मग नंतर ऐकायचीस. पन्नास वर्षं होती."

"भीती वाटली रे. म्हटलं, शेवटी तो परत आलाच नसला तर? मग मला खोटं बोलता आलं नसतं. मला काही तुझ्यासारखं तपासून बघणं जमत नाही. न ऐकता बोलत होतो तोवर बरं जमत होतं."

भिंगोबाला दवाखान्यातली खाट आठवली. ती त्याला स्वच्छ आठवत होती, पायाशी अडकवलेल्या कागदासकट. बरोबर बोलतोय, रेकॉर्डमुळेच थांबलो मी. पोटाला टाके घातलेला माणूस हसून म्हणाला होता. भिंगोबाने वहिनींकडे पाहिलं. वहिनींना सगळं माहीत होतं, तेव्हाही माहीत होतं, आणि तरी त्या बाकावर गप्प झोपल्या होत्या. त्याला माफी मागायची होती, पण ती कुठल्या वर्षापासून मागायला घ्यावी ते त्याला कळेना. तो नुसता रेकॉर्ड हातात धरून बसला. ज्या हातांनी एकतीस वर्षं रेकॉर्डच्या खाचांना बोट लागू दिलं नव्हतं, त्यांचे ठसे त्या कोऱ्या चकचकीत बाजूवर उमटत होते.

"तू तरी ऐकलीस का?" दादाने विचारलं.

"आज ऐकली."

"मग सांग की. माझे कान तर गेले. लोक म्हणतात ते खरं आहे का? लागते का होडी काठाला?"

वहिनी दारातून हलल्या नव्हत्या. भिंगोबाला खरं उत्तर माहीत होतं. जगात कदाचित त्या एकट्यालाच माहीत होतं, आणि खरं बोलण्याशिवाय त्याने आजवर दुसरं काही केलं नव्हतं.

"लागते," तो म्हणाला.

दादाने कानामागे हात धरला. "काय?"

भिंगोबा खुर्ची ओढून दादाच्या अगदी कानाशी गेला, आणि वहिनींनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "लागते, दादा. मी स्वतः ऐकलंय. घरी येतो तो."